मधूनच बंद पडणारी गाडी आणि निदानाची मजुरी

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात कायमची बंद पडलेली गाडी आणि मधूनच बंद पडणारी गाडी हे दोन स्वतंत्र प्रश्न समजले जातात, आणि त्यांतला दुसरा अधिक कठीण आहे याबद्दल अनुभवी मिस्त्रींमध्ये सहसा मतभेद नसतो. पहिल्या प्रकारात दोष तपासणाऱ्यासमोर हजर असतो आणि वेळ लागला तरी तो हाती लागतो. दुसऱ्या प्रकारात तो ज्या क्षणी प्रकट होतो त्या क्षणी गाडीत फक्त चालक असतो, आणि तीच गाडी ओढत आणून गॅरेजच्या दारात उभी केली की बहुधा पहिल्याच सेल्फला, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणाऱ्या विजेच्या मोटरीच्या पहिल्याच झटक्याला, सुरू होते. गाडी अशी निमूट सुरू झाली की मालकाला आपण खोटे ठरल्यासारखे वाटते आणि मिस्त्रीपुढे तपासायला काही उरत नाही. निदानाला आधार उरतो तो चालकाच्या सांगण्याचा. ते सांगणे कसे ऐकले जाते आणि ऐकण्यात व पडताळण्यात गेलेल्या वेळाचे पैसे कोण देतो, यावर पुढचे बहुतेक सारे ठरते.

नाशिकच्या गॅरेजांमधला अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सातपूरला महिंद्राचा मोटारनिर्मितीचा कारखाना आहे. त्याच औद्योगिक वसाहतीत बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, कारखाना डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनवत आला आहे, आणि कंपनीचे नाव २००८ साली बदलले असले तरी त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल रिक्षावाल्यांच्या तोंडी मायको सर्कलच राहिले आहे. या कारखान्यांमुळे इंजेक्टरची चाचणी आणि जुळणी करणारे कसबी कामगार शहराला लाभले, आणि त्यांतले काही पुढे स्वतःची दुकाने थाटून ‘पंप-नोझलवाले’ झाले. दुसरीकडे शहराच्या भोवती घाट आहेत: मुंबईच्या वाटेवर कसारा, पेठच्या वाटेवर सावळ घाट, आणि नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा वळणांचा चढ. पिंपळगाव बसवंत, निफाड आणि दिंडोरी या पट्ट्यातून टोमॅटो, द्राक्षे आणि भाजीपाला भरलेल्या पिकअप गाड्या रात्रीच्या रात्री मुंबईच्या बाजारांकडे धावतात, आणि त्यांतला माल थांबून राहू शकत नाही. गाडी बंद पडण्याचे इतके प्रकार एकाच जिल्ह्यात शिकायला मिळणे ही शिकाऊ पोरांच्या दृष्टीने मोठीच सोय म्हटली पाहिजे, गाडीमालकांच्या दृष्टीने नव्हे.

इंजिन चालू राहण्यासाठी त्याला हवा, इंधन आणि ते पेटण्याची योग्य वेळ एवढ्या तीन गोष्टी लागतात. पेट्रोलच्या इंजिनात ही वेळ प्लगमधल्या ठिणगीने साधते, तर डिझेलच्या इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा ज्या क्षणी सोडला जातो त्या क्षणाने. यांतली एखादी गोष्ट हळूहळू अपुरी पडू लागली तर गाडी आधी झटके खाते, तिचा पिकअप जातो, म्हणजे पाय दाबूनही वेग वाढत नाही, आणि मग ती बंद पडते. एखादी गोष्ट क्षणात तुटली तर मात्र बटण दाबून दिवा मालवावा तसे इंजिन एकदम थांबते. म्हणून जाणता मिस्त्री बोनेट उघडण्याआधी ‘झटके खात बंद झाली की एकदम?’ असे विचारतो. पहिले उत्तर आले तर संशय इंधनाच्या वाटेवर जातो आणि दुसरे आले तर विजेच्या वाटेवर. हा नियम सर्वस्वी बिनचूक नसला तरी तपासाचे क्षेत्र निम्म्यावर आणण्याचे काम तो करतो, आणि त्यासाठी चालकाला फक्त एवढे आठवावे लागते की शेवटच्या काही सेकंदांत गाडी कशी वागली. नेमके हेच बहुतेकांना सांगता येत नाही, कारण त्या सेकंदांत त्यांचे लक्ष आरशात, मागून येणाऱ्या ट्रककडे असते.

इंधनाच्या वाटेवरचे दोष घाटात का उघडे पडतात, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डिझेल टाकीतून निघते, जाळीतून आणि मग फिल्टरमधून गाळले जाते आणि पंपाकडे पोहोचते. आजच्या कॉमन रेल पद्धतीत हा पंप सर्व इंजेक्टरना जोडणाऱ्या एका सामायिक नळीत हजार बारच्याही वर दाब निर्माण करतो. मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दोन बार असतो, त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा. फिल्टर अर्धा तुंबलेला असला तरी सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवताना, इंजिनाला लागते तेवढे डिझेल त्यातून जात राहते आणि कोणाला काही जाणवत नाही. भरलेली गाडी चढाला लागली की मागणी वाढते, फिल्टर ती पुरी करू शकत नाही, नळीतला दाब अपेक्षेपेक्षा खाली येतो आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, आधी इंजिनाची ताकद कमी करतो आणि मग ते बंद करतो. चार-दोन मिनिटे थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होते, कारण मागणीच थांबलेली असते. कसारा ते इगतपुरी या चढावर रेल्वेमार्गाचा उतार ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, आणि तिथे रेल्वेगाडीचे इंजिन एकटे पुरे पडणार नाही हे गृहीत धरून कसाऱ्याला मागून ढकलणारी जास्तीची इंजिने जोडली जात आली आहेत; शेजारच्या रस्त्यावरून त्याच सह्याद्रीवर चढणाऱ्या पिकअपला अशी मदत नाही आणि तिच्या फिल्टरचे वय विचारणाराही कोणी नाही.

चढावर आणखी एक गोष्ट घडते. टाकीत डिझेल थोडे असेल तर उतरत्या बाजूला ते सरकते आणि शोषून घेणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडून तिच्यात हवा शिरते. याला ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, पण हवा दाबली की ती आकसते, आणि आकसलेल्या हवेमुळे इंजेक्टरपर्यंत दाब पोहोचत नाही. म्हणून फिल्टरवरचा हाताचा पंप मारून ती हवा बाहेर काढेपर्यंत इंजिन लागत नाही. टाकी भरलेली असूनही गाडी एअर घेत असेल तर प्रश्न अधिक बारीक असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात डिझेल ढकलले जात नसून ओढले जाते, त्यामुळे जुन्या रबरी नळीला गेलेला तडा किंवा जोडावरचा झिजलेला तांब्याचा वॉशर डिझेल बाहेर गळू देत नाही, पण हवा आत घेतो. बाहेरून सारे कोरडे आणि ठाकठीक दिसते. यावर नाशिकच्या डिझेल-कारागिरांची जुनी युक्ती अशी की नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवायची आणि इंजिन चालू ठेवून तिच्यातून बुडबुडे जातात का ते पाहत बसायचे. किंवा डिझेलचा एक डबा बोनेटपाशी बांधून त्यातून थेट इंधन द्यायचे आणि गाडी घेऊन एखाद्या चढाला जायचे. डब्यावर गाडी बिनतक्रार चालली तर दोष टाकी आणि डबा यांच्या मधल्या वाटेत आहे हे सिद्ध होते. या पद्धतीत कोणतेही महागडे यंत्र नाही. तिला तर्काच्या शिस्तीची गरज असते आणि अर्धा दिवस लागतो.

एकदम बंद पडणाऱ्या गाड्यांत उष्णतेचे दोष सर्वांत फसवे असतात. इंजिनाचा मुख्य दंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, कोणत्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे हे ईसीएमला कळवणारा एक लहानसा सेन्सर असतो. अनेक गाड्यांत त्याच्यासमोर ६० दात्यांची जागा असलेले आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले चक्र फिरते. गाळलेल्या दोन दात्यांच्या पोकळीवरून संगणक फेऱ्याची सुरुवात ओळखतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या गतीला हा सेन्सर सेकंदाला सुमारे १,९०० खुणा पाठवत असतो आणि त्या थांबल्या की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही, म्हणून तो इंधन आणि ठिणगी दोन्ही तोडतो. सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला सूक्ष्म चीर असली तर थंड असताना ती जुळलेली राहते आणि तापल्यावर उघडते. मुंबई नाक्यावरच्या गर्दीत गाडी बंद पडते, मालक मिस्त्रीला बोलावतो, मिस्त्री अर्ध्या तासाने पोहोचतो, तोवर सेन्सर निवलेला असतो. मीटर लावून मोजले तरी आकडा बरोबर येतो. म्हणून अनुभवी ऑटो-इलेक्ट्रिशियन सेन्सर जागेवरच गरम हवेने तापवून मोजतात, किंवा गाडी गरम होऊन बंद पडल्यावर त्यावर थोडे पाणी शिंपडून ती लगेच सुरू होते का ते पाहतात. टाकीतला विजेचा पेट्रोल पंप संशयित असेल तर टाकीला खालून हाताने ठोकून पाहतात, कारण पंपाच्या मोटरीचे ब्रश झिजलेले असतील तर त्या धक्क्याने ती क्षणभर जागी होते. दोष निघून जाण्याआधी त्याला मुद्दाम बोलावून आणणे हे या कामाचे मर्म आहे.

उष्णतेचा हा खेळ नवा नाही. कार्बोरेटरच्या काळात, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे साधे यांत्रिक साधन गाड्यांत असे तेव्हा, इंजिनाला चिकटलेला पंप चढावर इतका तापे की ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलची आतच वाफ होई आणि पंप वाफ दाबत बसे. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर चालवलेल्या पिढीला घाटात पंपावर ओला फडका ठेवून बसण्याची सवय होती, आणि ती सवय अंधश्रद्धा नसून शुद्ध पदार्थविज्ञान होते. पंप टाकीत गेला आणि पेट्रोल दाबाखाली येऊ लागले तसा हा प्रकार जवळजवळ संपला. मात्र टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो, हे ठाऊक नसल्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकत सदैव राखीव साठ्यावर गाडी चालवणारे लोक त्या पंपाचे आयुष्य कमी करतात.

इंधनाच्या दर्जाचा विषय नाशिक जिल्ह्यात केवळ तांत्रिक राहिलेला नाही. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि तिथून टँकर निघतात. अनुदानित रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांतली तफावत मोठी होती त्या काळात या परिसरात भेसळीचा धंदा फोफावला. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे अशा प्रकाराला हटकले तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले. या घटनेची चर्चा कायदा-सुव्यवस्थेच्या अंगाने झाली आणि ती तशी व्हायलाच हवी होती, पण त्या भेसळीची झळ रोजच्या रोज गॅरेजांतही पोहोचत होती. डिझेल पंपाच्या आतले भाग डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतात, त्यांना वेगळे ऑइल नसते. रॉकेल मिसळले की ही स्निग्धता घटते, पंपाचे दट्टे झिजतात, गरम झाल्यावर त्यांच्यातून डिझेल मागे गळते आणि गाडी तापल्यावर बंद पडू लागते. चालक सांगतो ते लक्षण ‘गरम झाली की बंद’ एवढेच असते, आणि त्यामागे विजेचा सेन्सर आहे की भेसळीने झिजलेला पंप, हे त्या चार शब्दांवरून ठरत नाही. पेट्रोलपंपावर इंधनाची घनता मोजून मागण्याचा, आणि पेट्रोलच्या बाबतीत गाळणकागदावर थेंब टाकून डाग उरतो का हे पाहण्याचा, ग्राहकाला अधिकार आहे. तो वापरणारा ग्राहक विरळा, कारण मागे रांग असते.

दूषित इंधनापुढे कारखानाही सुरक्षित नसतो. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात बनलेल्या ६०० हून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी आणि बाधित इंजिने बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. कारखान्यात एका विशिष्ट दिवशी आलेले इंधन दूषित असल्याचा आणि त्यामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजण्याचा संशय कंपनीने स्वतःच जाहीर केला. कारखान्याला तारीख, तुकडी आणि गाड्यांचे क्रमांक ठाऊक असतात, म्हणून तो असा निष्कर्ष काढू शकतो. रस्त्याकडेच्या मिस्त्रीसमोर आलेल्या गाडीने गेल्या महिन्यात कोणकोणत्या पंपांवर इंधन भरले याची नोंद कोणाजवळच नसते.

अलीकडे रॉकेलची जागा पाण्याने घेतली आहे. पावसाळ्यात झाकणातून, जमिनीखालच्या टाक्यांतून किंवा नुसत्या दमट हवेतून पाणी इंधनात उतरते. डिझेलमध्ये ते तळाशी बसते आणि फिल्टरखालच्या स्क्रूने काढून टाकता येते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत यात अपाय नसतो, पण ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि पंपाचे तोंड तळाशीच असते. बराच काळ उभी राहिलेली, किंवा सीएनजीवर चालत असल्यामुळे महिनोन्‌महिने तेच पेट्रोल बाळगणारी गाडी पावसाळ्यात अचानक पेट्रोलवर आली आणि चौकात बंद पडली, तर हा संशय आधी घ्यावा. इथेनॉलमुळे सर्वच गाड्या बंद पडतात असा जो बोभाटा अधूनमधून उठतो तो अतिशयोक्त आहे. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे.

वायरिंगच्या दोषांविषयी थोडक्यात एवढे सांगता येईल की पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येऊन बसणारे उंदीर, गंजलेले अर्थिंग, म्हणजे बॅटरीची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडली जाते तो सांधा, आणि मागाहून बसवलेले हॉर्न, दिवे व चोरीविरोधी यंत्रे यांच्यासाठी केलेले कच्चे जोड, या तीन ठिकाणी हात घातला की पुष्कळ गूढ प्रकरणे निकाली निघतात. खड्ड्यात बंद पडून खड्ड्यातच पुन्हा चालू होणारी गाडी बहुधा अशीच असते.

गाडी बंद पडते त्या क्षणी चालकावर काय गुदरते, याचा विचार दुरुस्तीच्या चर्चेत सहसा येत नाही. इंजिन थांबताच स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते आणि चाक जड होते. ब्रेकला जोर देणारा बूस्टर साठलेल्या निर्वातावर एक-दोन दाबांपुरता काम करतो आणि मग पेडल दगडासारखे लागते. अशा वेळी गोंधळून चावी बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो, म्हणून चावी जागेवर ठेवून, ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरून, गाडी डावीकडे घ्यावी असे जुने चालक नव्यांना शिकवतात. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल तर चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात, त्यामुळे इंजिनाचा रोध आणि बूस्टर दोन्ही काही अंशी टिकतात. डिझेल वाचवण्यासाठी कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची जी वाईट खोड काही चालकांना आहे, तिच्यात हा आधार जातो, आणि इंजिन बंद पडले हे त्यांना पहिले वळण आल्यावरच कळते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून या प्रश्नाला नवे वळण लागले आहे, कारण तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. घाटात वेग मुळातच कमी असतो. बोगद्यात मागून येणाऱ्याला विचार करायला फार थोडा अवधी मिळतो.

एवढे असूनही ‘मधून बंद पडते’ या तक्रारीला मोटारउद्योगाने दीर्घकाळ गौण मानले. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या काही लहान मोटारींत चावीचा स्विच इतका सैल होता की जुडगा जड असला किंवा गुडघा लागला तर तो चालत्या गाडीत बंदच्या बाजूला सरके. इंजिन थांबे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. गाडी कडेला घेता येते, या आधारावर हा प्रकार सुरक्षिततेचा न मानता ग्राहकाच्या सोयीचा मानला गेला, आणि जुडग्यातले जड सामान काढा असा सल्ला विक्रेत्यांमार्फत देण्यात आला. पुढे स्विचची रचना गुपचूप सुधारली गेली, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे कोणत्या गाडीत कोणता स्विच आहे हे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगेना. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य झाले. भारतात मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याच महिन्यात होंडाने इंधनपंपातले सदोष पाते इंजिन थांबवू शकते या कारणावरून ७७,९५४ गाड्यांचे पंप बदलून देण्याचे स्वतःहून जाहीर केले. हे शक्य होते ते विखुरलेल्या तक्रारी कुठे तरी एकत्र मोजल्या गेल्या म्हणून. एकट्या मालकाच्या हाती पुरावा असतो तो जॉब कार्डचा, म्हणजे सर्व्हिस सेंटरला गाडी देताना लिहिल्या जाणाऱ्या कामाच्या नोंदीचा. त्यावर ‘चालत्या गाडीत इंजिन बंद पडते’ असे स्पष्ट लिहून न घेता ‘जनरल चेकअप’ लिहू देणारा ग्राहक पुढे ग्राहक आयोगात गेला तर त्याची बाजू लंगडी राहते.

स्कॅनर आल्यावर हे सारे सोपे होईल अशी अपेक्षा होती. स्कॅनर हे ईसीएमने नोंदवलेले दोषांचे सांकेतिक क्रमांक वाचणारे यंत्र आहे आणि त्याने कामाला मोठी गती आली यात शंका नाही. परंतु तो दाबाचा अभाव सांगतो, अभावाचे कारण सांगत नाही. नळीतला दाब कमी असल्याचा क्रमांक तुंबलेल्या फिल्टरला, हवा घेणाऱ्या वॉशरला, झिजलेल्या पंपाला आणि रिकाम्या टाकीला सारखाच येतो. सेन्सर क्षणभरच तुटला असेल तर कधी कधी क्रमांक उमटतही नाही. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमातून आलेल्या मुलाला क्रमांक वाचता येतो. त्या क्रमांकाच्या मागे कसे जायचे हे तो गॅरेजातच, पारदर्शक नळीकडे बघत बसलेल्या माणसाशेजारी उभा राहून शिकतो.

आणि इथेच या धंद्याची अडचण आहे. ग्राहक सुट्या भागाचे पैसे देतो, कारण तो भाग त्याला हातात धरून दाखवता येतो. तो बसवण्याची मजुरीही देतो. दोष शोधण्यात गेलेला अर्धा दिवस, गाडी घेऊन विल्होळीपर्यंत किंवा थेट घाटापर्यंत मारलेल्या फेऱ्या, यांचे मोल मात्र त्याला पटत नाही, विशेषतः शेवटी दोष काही रुपयांच्या वॉशरमध्ये सापडला असेल तर. परिणामी मिस्त्रीच्या हिताचे ठरते ते अंदाजाने माल बदलत जाणे: आधी फिल्टर, मग सेन्सर, मग पंप. यात दर वेळी बिल होते, आणि मधल्या काळात गाडी काही दिवस चांगली चालली, जी अशा दोषात ती तशीही चालतेच, तर शेवटचा बदललेला भाग दोषी ठरतो. याला सरसकट लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे. जो प्रामाणिकपणे दिवसभर शोधतो त्याचे नुकसान होते आणि जो शोधत नाही त्याचा गल्ला भरतो, अशी ही व्यवस्था ग्राहकाच्या हिशेबी वृत्तीनेच घडवली आहे. पिकअपचा मालक रोज माल नेणारा असल्यामुळे त्याला एका फेरीच्या नुकसानीचा आकडा तोंडपाठ असतो, आणि म्हणून निदानासाठी वेगळे पैसे मोजायला तो खासगी मोटारवाल्याच्या आधी तयार होतो.

द्वारका, वडाळा नाका, सातपूर आणि अंबड या भागांत स्कॅनर लावण्याचे वेगळे पैसे मागण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि ग्राहक ते देतात, कारण पडद्यावर काही तरी उमटलेले दिसते. पंप-नोझलवाल्यांकडेही पंप खोलून यंत्रावर तपासण्याचा दर ठरलेला असतो. गाडीशेजारी बसून चालकाला प्रश्न विचारण्याचा आणि ती बंद पडेपर्यंत तिच्यातून फिरण्याचा दर अजून कोणत्याही गॅरेजच्या फलकावर लिहिलेला नसतो. जे मिस्त्री तो घेतात ते सुट्या भागाच्या किमतीत मिसळून घेतात.